डोमकळीला इंग्रजीत काय म्हणतात?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आसपास, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतातून पुतण्याचा फोन आला. कपाशी पासष्ट-सत्तर दिवसांची झाली होती आणि काही झाडांवरील फुले उमलण्याऐवजी पाकळ्या एकमेकींना चिकटून, पीळ दिल्यासारखी मिटून राहिली होती. त्याने फोटो पाठवला आणि विचारले, "काका, ही डोमकळीच आहे ना? हिला इंग्रजीत काय म्हणतात तेवढे सांगा, मला नेटवर पाहायचे आहे." मी 'रोझेट फ्लॉवर' असे सांगितले. अर्ध्या तासाने त्याचा पुन्हा फोन आला. त्याला गुलाबाच्या आकाराच्या कापडी फुलांची आणि भिंतीवरील नक्षीची चित्रे मिळाली होती, कपाशी कुठेच नव्हती. मग मी त्याला फुले अशी मिटवणाऱ्या गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव, 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला', एकेक अक्षर इंग्रजीत सांगून लिहून घ्यायला लावले. त्या नावाने मात्र दार उघडले आणि शेकडो शोधनिबंध पडद्यावर आले. त्यांतील बहुतेकांचा सारांश तेवढा मोकळा होता, पूर्ण लेख वाचण्यासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जात होते, आणि जे मोकळे होते ते अशा इंग्रजीत होते की बारावी झालेल्या, हुशार, पंधरा वर्षे कापूस पिकवणाऱ्या माझ्या पुतण्याला पहिल्या परिच्छेदापुढे जाता येईना.

मी आयुष्यभर कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. माहिती शोधून देणे हेच माझे काम होते आणि त्या कामात मी वाईट नव्हतो, असे संशोधक मंडळी म्हणत. त्या दिवशी मात्र माझ्याच घरच्या माणसाला, त्याच्याच शेतातील फुलाबद्दल, मी एका लॅटिन नावाशिवाय काही देऊ शकलो नाही. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

डोमकळी ही किरकोळ खूण नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिने पाडलेले छिद्र बुजून जाते, बोंड बाहेरून धडधाकट दिसते आणि आत ती सरकी खात बसते. फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. नुकसान कळते ते बोंड फुटताना, किडकी सरकी आणि डागाळलेली रुई हातात आल्यावर. पण हंगामाच्या सुरुवातीला, बोंडे धरण्याआधी, हीच अळी फुलात राहते आणि तोंडातील रेशमी धाग्याने पाकळ्या शिवून घेते. ती शिवलेली कळी म्हणजे डोमकळी. ही अळी शेतकऱ्याला उघड्या डोळ्यांनी आधी दिसते ती जवळजवळ याच टप्प्यावर. डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट करायच्या, मादीच्या गंधाने या अळीच्या नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे, सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले तर उपाय सुरू करायचा, ही सगळी शिफारस या छोट्या कालखिडकीवर उभी आहे. म्हणून 'डोमकळीला इंग्रजीत काय म्हणतात' हा प्रश्न भाषेचा वाटला तरी पिकाचा होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा शोध म्हणजे कार्डांचे खण आणि 'रिव्ह्यू ऑफ अप्लाइड एन्टॉमॉलॉजी'चे जाडजूड बांधीव खंड. १९१३ पासून जगभरच्या कीटकशास्त्रीय लेखांचे सारांश त्यात येत. त्या खंडांनी मला एक धडा फार लवकर शिकवला. ज्या अळीला आज पेक्टिनोफोरा म्हणतात, तिला जुन्या खंडांत कधी 'जेलेशिया' म्हटले आहे, तर कधी 'प्लॅटिएड्रा'. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने कित्येक वर्षांचे ज्ञान कपाटात असूनही नसल्यासारखेच. या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये केले, आणि त्यासाठीचे नमुने आपल्या शेजारच्या भडोचमधील कापसावरचे होते. आमच्याच मुलखातील अळी, तिचे नाव लॅटिन, तिच्याबद्दलचे लेखन इंग्रजी, आणि तिला रोज हाताळणाऱ्यांचे शब्द त्यात कुठेही नाहीत, ही स्थिती तेव्हापासूनची आहे.

नंतर खंडांची जागा संगणकाच्या चकत्यांनी घेतली आणि चकत्यांची जागा इंटरनेटने. अमेरिकेच्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाचा 'ॲग्रिकोला' हा संग्रह १९७० पासूनचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सत्तरच्या दशकाच्या मध्यात सुरू केलेली 'ॲग्रिस' ही व्यवस्था तर देशोदेशीच्या संस्थांनी आपापल्या नोंदी आणून एकत्र ओतायच्या, या तत्त्वावर उभी राहिली. २००७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांना आणि कृषी विद्यापीठांना नियतकालिके एकत्रितपणे मिळवून देणारी 'सेरा' ही व्यवस्था आली. जो लेख मागवायला पूर्वी तीन महिने आणि टपालखर्च लागे, तो सकाळी मागितला तर दुपारच्या चहाआधी मिळू लागला, तो आनंद मी विसरलेलो नाही. विद्यार्थ्यांचे चेहरे उजळलेले मी पाहिले आहेत. त्या सोयीबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. मात्र ती सोय महाविद्यालयाच्या फाटकाच्या आतली होती. फाटकाबाहेर, सहा किलोमीटरवर, ज्यांच्या शेतांवर ते संशोधन चालले होते त्यांच्यासाठी तो पडदा काळाच राहिला.

याची किंमत मला एका निबंधाने दाखवली. भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्ये. बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूतील एक जनुक कपाशीत घालून बोंडअळीला मारक प्रथिन झाडातच तयार व्हावे, ही त्यामागची योजना. २००६ मध्ये दोन जनुकांचे, बोलगार्ड-२ हे वाण आले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील धुरुआ आणि गुजर या संशोधकांनी गुजरातच्या अमरेलीतून २००८ मध्ये गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्या तपासल्या आणि त्यांच्यात पहिल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे त्यांना आढळले. हा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो माझ्या पडद्यावर आला होता. मी तो दोन प्राध्यापकांना छापून दिला, वहीत नोंद केली, आणि त्या संध्याकाळी गावी जाऊन भावाच्या ओसरीवर चहाही घेतला. त्या निबंधाबद्दल मी भावाला एक शब्दही सांगितला नाही. सांगायचे नव्हते असे नाही. हे त्याला सांगण्यासारखे आहे, असे मला सुचलेच नाही. माझ्या लेखी तो 'वाचकां'साठीचा मजकूर होता आणि भाऊ माझ्या ग्रंथालयाचा वाचक नव्हता. पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दोन्ही प्रथिनांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, ती २०१८ मध्ये छापून आली. मधल्या २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी तीच गोष्ट स्वतःच्या बोंडांतून वाचली.

त्याच पावसाळ्यात यवतमाळमध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या काळात दवाखान्याच्या आवारात बसलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्याबद्दल अधिक लिहिण्याचे बळ माझ्यात नाही. एवढेच नोंदवतो की कोणते औषध कशात मिसळू नये, तोंडावर काय बांधावे, वारा कोणत्या दिशेचा असावा, हे सगळे जगातील कुठल्या ना कुठल्या संग्रहात लिहिलेले होते.

शब्दांकडे परत येतो, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते त्यांच्याबद्दल. आपली शेतकरी मराठी रोग-किडींच्या बाबतीत विलक्षण समृद्ध आहे, पण ती पिकाच्या बाजूने पाहते, तर शास्त्र जीवाच्या बाजूने. हरभऱ्यावरची घाटेअळी, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोतील फळ पोखरणारी अळी आणि कपाशीवरची हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, ही शेतकऱ्याच्या बोलण्यात चार नावे, पण कीटकशास्त्राच्या दृष्टीने हा बहुतेक वेळा एकच जीव, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. उलट करपा हा एकच शब्द घ्या. भातावरचा करपा वेगळ्या बुरशीचा, बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा वेगळ्या रोगकारकाचा, कांद्यावरचा जांभळा करपा तिसऱ्याच बुरशीचा, आंब्याच्या मोहोरावरचा आणखी निराळा. करपा म्हणजे करपल्यासारखे दिसणे, आणि दिसणे हाच शेतकऱ्याचा पुरावा असतो. 'लाल्या' म्हटले की तो रोग समजून औषध मारले जाते, पण कपाशीची पाने लाल होण्यामागे पुष्कळदा अन्नद्रव्यांची, विशेषतः मॅग्नेशियमची, कमतरता असते. माहितीच्या समुद्रात 'करपा' एवढाच शब्द घेऊन उतरणारा माणूस कोणत्या किनाऱ्याला लागेल हे दैवावर सोडावे लागते. दुकानदार जे डबे पुढे सरकवतो ते मात्र नक्की हाताशी असतात.

ग्रंथपालाच्या विद्येत यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. अन्न व कृषी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'ॲग्रोवॉक' नावाचा एक संज्ञाकोश तयार करायला घेतला. आता तो जालावर कोणालाही मोफत पाहता येतो. त्याला कोश म्हटले तरी त्यात व्याख्यांपेक्षा नाती जास्त आहेत. प्रत्येक संकल्पनेला स्वतःचा एक क्रमांक असतो, त्या क्रमांकाखाली अनेक भाषांतील नावे लावलेली असतात, आणि ही संकल्पना कोणत्या मोठ्या संकल्पनेत मोडते, हिच्या पोटात कोणत्या लहान संकल्पना येतात, कोणते जुने नाव आता वापरत नाहीत, हे सारे जोडून ठेवलेले असते. म्हणजे एका देशातील माणसाने आपल्या भाषेत शब्द टाकला तरी दुसऱ्या भाषेत लिहिलेला लेख त्याच क्रमांकाच्या धाग्याने ओढला जातो. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. अनेक भाषांमधील शेती एकमेकींना ओळखू लागते, असे काहीसे ते दृश्य आहे. डोमकळीसारख्या शब्दाला असा एक क्रमांक मिळाला, तर माझ्या पुतण्याला लॅटिनच्या दारातून जावे लागणार नाही.

मराठीत माहिती नाही, असे मी म्हणणार नाही. २००५ पासून 'ॲग्रोवन'सारखे केवळ शेतीला वाहिलेले दैनिक चालते आहे, कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक आहे, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची प्रकाशने आहेत. किसान कॉल सेंटरला २००४ पासून आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो, आणि केंद्र सरकारच्या विकासपीडियावर मराठीत शेतीची पाने आहेत. महाराष्ट्राने २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा मोठा प्रकोप सोसल्यावर 'क्रॉपसॅप' ही कीड-सर्वेक्षणाची व्यवस्था उभारली. त्यात गावोगावच्या शेतांतील किडींच्या मोजण्या जालावर चढवल्या जातात आणि त्यांवरून सल्ला परत गावात पोहोचतो. ही कामे मोलाची आहेत. पण त्यांत शेतकऱ्याला बहुतेक वेळा निष्कर्ष मिळतो, पुरावा मिळत नाही. 'अमुक मिली अमुक औषध फवारा' हे वाक्य त्याला मिळते. ते कोणत्या प्रयोगावरून आले, कोणत्या जमिनीत, किती वर्षांच्या निरीक्षणानंतर, आणि त्याला विरोध करणारा कोणी आहे का, हे त्याच्यापर्यंत येत नाही. शेतकऱ्याला पुरावा कशाला हवा, असे मला एका बैठकीत विचारले गेले होते. ज्याने स्वतःच्या शेतात दरवर्षी प्रयोग करून पोट भरायचे, त्याच्याइतका पुराव्याचा अधिकार आणखी कोणाला आहे, हे मला आजही कळलेले नाही.

पुरावा उघडा व्हावा म्हणून काही पावले पडली आहेत, हेही खरे. बीटी वांग्याची जैवसुरक्षाविषयक चाचण्यांची कागदपत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर जालावर आली. २०१० च्या सुरुवातीला तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूर होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वांग्याला स्थगिती मिळाली, आणि बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. स्थगिती योग्य की परवानगी योग्य, यावर माझ्या ओळखीचे दोन प्रामाणिक शास्त्रज्ञ एकमेकांविरुद्ध मत देतात. दोघेही ती कागदपत्रे वाचून बोलतात, म्हणून मी दोघांचेही ऐकतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले, आणि 'कृषिकोश' या संग्रहात देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात. हा संग्रह माझा फार आवडता आहे. नामांकित नियतकालिकांत स्थान न मिळालेले, पण आपल्याच जिल्ह्यातील काळ्या जमिनीत केलेले प्रयोग तिथे सापडतात. कुणा विद्यार्थ्याने दोन हंगाम उन्हात उभे राहून मोजलेले पतंग, निंबोळी अर्काच्या पाच टक्के द्रावणाचे परिणाम, कपाशीत चवळी आणि मुगाचे आंतरपीक घेतल्यावर वाढलेले मित्रकीटक, असा मजकूर त्यात असतो. शाश्वत शेतीचे संशोधन स्थानिकच असावे लागते. अमेरिकेतील ॲरिझोनाचा ताळेबंद यवतमाळच्या मातीत तसाच उतरत नाही.

तरीही ॲरिझोनाकडे पाहावे लागतेच, आणि २०१७ च्या त्या हिवाळ्यात पुतण्या आणि मी ते पाहिले. डिसेंबरपासून रोज रात्री जेवणानंतर तासभर फोनवर मी एकेक मोकळा निबंध त्याला मराठीत सांगत असे. तिथे बीटीच्या जोडीला बिगर-बीटी कपाशी नेमाने लावली गेली, पुढे वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडले गेले, गंधसापळे लागले, आणि आमच्या त्या वाचनानंतर काही महिन्यांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूसक्षेत्रातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली, तिच्यात आपोआप एक चतुर्थांश झाडे बिगर-बीटी निघाली आणि अळीत प्रतिकारशक्ती येणे लांबले. आपल्याकडे बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट येई, पण ते बांधावर पडून राही. "ते कशासाठी असते हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, काका," असे पुतण्या म्हणाला, आणि मी गप्प राहिलो. बिगर-बीटी झाडांवर वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की त्यांची पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडतात. म्हणजे बिगर-बीटीची ती ओळ अळीला दिलेला घास नव्हती, तंत्रज्ञानाला दिलेले आयुष्य होते. हे समजायला त्याला दहा मिनिटे लागली. त्या फोनच्या शेवटी त्याने ठरवले की फरदड, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी उभी ठेवून काढलेले पुढचे पीक, घ्यायची नाही. तोवर डिसेंबरनंतर पाण्याची सोय असेल तर आम्ही पऱ्हाटी उभीच ठेवत होतो, आणि उभी पऱ्हाटी म्हणजे अळीला पुढच्या हंगामापर्यंत दिलेला आसरा. त्याने शेत मोकळे केले आणि शेजारच्या दोघांनाही तयार केले. अळी काही बांध ओळखत नाही, तेव्हा तीन शेतांनी गाव वाचत नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, तरी त्यांनी ते केले.

निवृत्त झाल्यापासून मी एक वही करतो आहे. पहिल्या रकान्यात गावात बोलला जाणारा शब्द, दुसऱ्यात तो कोणत्या तालुक्यात ऐकला, तिसऱ्यात इंग्रजी संज्ञा, चौथ्यात शास्त्रीय नाव, आणि पाचव्यात जुनी शास्त्रीय नावे. डोमकळी पहिल्या पानावर आहे. चारशेच्या आसपास शब्द झाले आहेत आणि त्यांतले पुष्कळसे पुतण्याने, त्याच्या मित्रांनी आणि आमच्या शेतात वेचणीला येणाऱ्या बायांनी दिले आहेत. तपासून घ्यायला दोन निवृत्त प्राध्यापक मदत करतात. एकाच्या मते ही वही छापावी. मला वाटते ती संगणकावर चढवून, क्रमांक देऊन, कोणालाही वापरता येईल अशी मोकळी ठेवावी, आणि त्यासाठी लागणारे संगणकाचे शिक्षण सध्या मी माझ्या नातीकडून घेतो आहे.

गेल्या आठवड्यात वहीत 'कवडी' हा शब्द आला. बोंड नीट न फुलता पाकळीतील रुई घट्ट, डागाळलेली, वेचताना बोटांना न सुटणारी राहते, तिला आमच्याकडे कवडी म्हणतात. तिसरा रकाना भरता आला. चौथ्यापाशी मी थांबलो, कारण कवडी बोंडअळीनेही होते, बोंडसडीच्या बुरशीनेही होते आणि वेळीअवेळी झालेल्या पावसानेही होते. तिथे तीन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत आणि पुतण्याला निरोप पाठवला आहे की कवडीची दहा-बारा बोंडे फोडून, सरकी दिसेल असे फोटो पाठव, आणि कोणत्या शेतातली कोणती ते त्यांवर लिही.